मोठ्या दुकानाला उधार कोण देतं?

किराणा दुकानात गल्ल्याच्या मागे एक पाटी असायची, अजूनही कुठेकुठे दिसते: ‘आज रोख, उद्या उधार’. मेक्सिकोतल्या नाक्यानाक्यावरच्या दुकानांत अगदी हीच पाटी स्पॅनिशमध्ये टांगलेली असते. ‘ओय नो फीओ, मान्याना सी’, म्हणजे आज उधार नाही, उद्या देतो. आणि पाटी दोन्हीकडे सारखीच खोटी, कारण तिच्याखालच्या खणात उधारीची वही असतेच.

मोठी साखळी दुकानं गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशात शिरली की काय होतं, हा प्रश्न निघाला की चर्चा दोनच गोष्टींवर अडते: माल किती स्वस्त झाला आणि किती किराणावाले बुडाले. दोन्ही महत्त्वाच्या आहेत, पण मला विचाराल तर सगळ्यात आधी वही बघावी. छोट्या दुकानात दुकानदार गिऱ्हाइकाला उधार देतो. मोठ्या दुकानात गिऱ्हाईक रोख मोजतं आणि माल पुरवणारा दुकानाला उधार देतो. उधारीची दिशाच उलटते. स्वस्ताई, बंद पडलेली दुकानं, चिडलेले पुरवठादार आणि खूश झालेली मध्यमवर्गीय गिऱ्हाइकं यांचा बराचसा उलगडा या एका उलटापालटीतून होतो.

उदाहरण म्हणून मेक्सिको घेऊ, कारण या विषयाचा इतका कसून अभ्यास क्वचितच दुसरीकडे झाला असेल. आपल्याकडे 2012 मध्ये दुकानांतल्या परदेशी गुंतवणुकीवरून (एफडीआय) संसदेत रणकंदन माजलं तेव्हा दोन्ही बाजू वॉलमार्ट या अमेरिकी साखळीचं नाव घेऊन लोकांना एक तर स्वप्नं दाखवत होत्या नाही तर घाबरवत होत्या. मेक्सिकोत तोवर वॉलमार्ट येऊन वीस वर्षं उलटली होती. तिथले आकडे कुणीतरी वाचून दाखवायला हवे होते.

मेक्सिकोत नक्की काय झालं

1991 मध्ये वॉलमार्टने सिफ्रा या मेक्सिकन कंपनीशी भागीदारी केली आणि मेक्सिको सिटीत पहिलं दुकान उघडलं. सिफ्राची ‘आउरेरा’ नावाची दुकानं 1958 पासून चालत होती, म्हणजे मोठं दुकान ही गोष्ट मेक्सिकन माणसाला अगदीच नवी नव्हती. 1 जानेवारी 1994 ला अमेरिका आणि कॅनडासोबतचा मुक्त व्यापार करार लागू झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पेसो कोसळला. लोकांच्या हातातले पैसे आटले, मेक्सिकन कंपन्या कर्जात अडकल्या. ज्याच्याकडे डॉलर होते त्याला असा काळ सोयीचा असतो. 1997 मध्ये वॉलमार्टने सिफ्रामध्ये बहुमताचा हिस्सा घेतला.

आज ही कंपनी मेक्सिकोतली सगळ्यात मोठी खासगी नोकरी देणारी आहे. अडीच हजारांहून जास्त दुकानं, दोन लाखांच्या आसपास माणसं. गंमत म्हणजे त्यातल्या बहुसंख्य दुकानांवर वॉलमार्टचं नाव नसतं. पाटी असते ‘बोदेगा आउरेरा’. साधी फरशी, खोकी तशीच रचलेली, आणि गिऱ्हाईक कमी उत्पन्नाचं. कारफूर ही फ्रेंच साखळी 1994 मध्ये आली आणि 2005 मध्ये दुकानं विकून निघून गेली. त्यामुळे बाहेरून आलेला प्रत्येक जण जिंकतो असंही नाही.

डेव्हिड अॅटकिन, बेंजामिन फेबर आणि मार्को गोन्झालेझ-नवारो या तीन अर्थशास्त्रज्ञांनी मेक्सिकोतल्या परदेशी सुपरमार्केटांच्या परिणामांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची रीत साधी पण मेहनतीची होती. बारकोड सारखा असलेली तीच वस्तू, तेच शहर, तोच महिना. परदेशी दुकानात तिची किंमत किती आणि देशी दुकानात किती? उत्तर आलं, परदेशी दुकानात सरासरी सुमारे 12 टक्के स्वस्त. शिवाय परदेशी दुकान शेजारी आलं की जुनी देशी दुकानंही किंमती थोड्या खाली आणतात.

सगळी गोळाबेरीज करून त्यांनी सांगितलं की सरासरी कुटुंबाचा फायदा त्याच्या उत्पन्नाच्या साधारण 6 टक्के इतका झाला. ही रक्कम लहान नाही. महिना 20,000 रुपये कमावणाऱ्या घराला 1,200 रुपये वाचले असं समजा. गावातली एकूण नोकरी किंवा एकूण सरासरी उत्पन्न घटल्याचं त्यांना आढळलं नाही. मोठ्या दुकानांच्या विरोधकांनी हा भाग नीट वाचायला हवा, कारण ‘सगळेच बुडतात’ हे खरं नाही.

समर्थकांनी वाचायचा भाग पुढे आहे. पारंपरिक दुकान चालवणाऱ्यांचं आणि तिथे काम करणाऱ्यांचं उत्पन्न खरोखरच घटलं. आणि फायदा सगळ्यांना सारखा मिळाला नाही. श्रीमंत घरांना साडेसात टक्क्यांच्या आसपास, गरीब घरांना पाचच्या आसपास. म्हणजे ज्याला आधीच बरं चाललंय त्याला जास्त.

गरिबाला कमी का?

इथे वही पुन्हा उघडावी लागते. साबणाची सहा वड्यांची जुडी वडीमागे स्वस्त पडते, हे गरीब बाईला माहीत नाही असं समजू नका. तिला पैशापैशाचा हिशोब असतो. पण जुडी घ्यायला एकदम शंभर-सव्वाशे रुपये हातात लागतात, आणि मजुरी शनिवारी मिळते. मंगळवारी संध्याकाळी तिच्याकडे तीस रुपये असतात. त्यात दहाचं तेल, पाचची चहापूड, एक वडी आणि पाव किलो तांदूळ बसवायचे असतात. त्यातलंही काही ‘लिहून ठेवा’. नाक्यावरचा दुकानदार लिहून ठेवतो, कारण तिचं घर कुठे आहे, नवरा कुठे कामाला जातो आणि मागच्या दिवाळीचे पैसे तिने कधी फेडले हे त्याला पाठ असतं. बँकेला जे कागदपत्रांनी कळत नाही ते त्याला तिच्या चालण्यावरून कळतं.

ही सेवा फुकट नसते. तिचा मोबदला वस्तूच्या दोन-चार रुपये चढ्या दरात घातलेला असतो. म्हणजे किराणावाला महाग विकतो असं दिसतं, पण त्या दरात थोडं व्याज, थोडी बुडीत खात्याची तजवीज आणि सुटं विकण्याचा त्रास धरलेला आहे. बारकोडची किंमत बारकोडशी ताडून पाहिली की हे दिसत नाही. तीच गोष्ट पोहोचण्याची. मोठं दुकान बहुधा हमरस्त्यावर, गाडी लावायला जागा असलेलं. रिक्षाचे येण्याजाण्याचे ऐंशी रुपये गेल्यावर दोनशे रुपयांच्या खरेदीवर वाचणार काय?

मेक्सिकोत या नाक्यावरच्या दुकानांना खरा घाम फोडला तो वॉलमार्टपेक्षा ‘ऑक्सो’ने, असं म्हणायला जागा आहे. ऑक्सो ही फेमसा या मेक्सिकन कंपनीची छोट्या दुकानांची साखळी. वीस हजारांहून जास्त दुकानं, कोपऱ्याकोपऱ्यावर, रात्रंदिवस उघडी. माल तिथे स्वस्त नसतो. पण दारात असतो, दिवा चालू असतो आणि विजेचं बिलही तिथेच भरता येतं. किराणावाल्याची ‘जवळ असण्या’ची मिरास ऑक्सोने घेतली. उधारीची तेवढी घेता आली नाही.

स्वस्त माल येतो कुठून

मोठं दुकान स्वस्त विकतं याची काही कारणं खरोखर कौतुकाची आहेत. वॉलमार्टच्या आधी मेक्सिकोत साबण, तेल, बिस्किटं बनवणाऱ्याची गाडी एकेका दुकानाच्या मागच्या दारी जायची आणि रांगेत उभी राहायची. वॉलमार्टने मध्यवर्ती गोदामं उभारली. सगळ्यांनी माल तिथे आणायचा, ठरलेल्या मापाच्या फळ्यांवर रचून, ठरलेल्या वेळेला. यातून वाहतूक वाचते, नासाडी वाचते. तेवढ्यापुरतं कुणाचंही नुकसान न होता माल स्वस्त होतो.

दुसरं कारण मात्र बिलाच्या तारखेत दडलेलं असतं. ते एकदा आकडे मांडून बघण्यासारखं आहे.

समजा एक साबणवाला आहे. 1 तारखेला त्याने साखळीच्या गोदामात 1 लाख रुपयांचा माल उतरवला. करारात लिहिलंय, पैसे 60 दिवसांनी. साबण पटापट खपतो. पंधरा दिवसांत सगळा विकला गेला आणि गिऱ्हाइकांची रोकड दुकानाच्या गल्ल्यात आली. पुढचे 45 दिवस हे पैसे दुकानाकडे बिनव्याजी आहेत. एका साबणवाल्याचे लाख रुपये म्हणजे काहीच नाही. पण जी साखळी रोज 1 कोटीचा माल उचलते, तिच्या हातात या हिशोबाने कायम 45 कोटी रुपये दुसऱ्याचे फिरत असतात. त्यातून नवी दुकानं उघडता येतात, जागेची अनामत भरता येते, वाटलं तर बँकेत ठेवून व्याजही खाता येतं.

आता साबणवाल्याच्या बाजूने. तेल, कॉस्टिक सोडा, वीज, कामगारांचा पगार हे सगळं त्याला आज द्यायचं आहे. तो बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे धंदा चालवायला लागणारं कर्ज, उचलतो. 12 टक्के व्याज धरलं तर 1 लाखावर 60 दिवसांचं व्याज सुमारे 2,000 रुपये, म्हणजे 2 टक्के. त्याचा नफाच 5 टक्के असेल तर पाचातले दोन इथेच गेले. वर डेबिट नोटा, म्हणजे त्याच्या बिलातून पैसे कापल्याच्या चिठ्ठ्या, येतात: फळीवर समोरची जागा दिली त्याचे इतके, सणाच्या जाहिरातीचे इतके, फुटका माल इतका, न खपलेला परत. त्यातल्या काही रास्त असतात. काही का आल्या हे विचारायला फोन केला तर खरेदी अधिकारी मीटिंगमध्ये असतो.

हाच करार मोठ्या बहुराष्ट्रीय साबण कंपनीलाही असतो. पण तिला बँक कमी व्याजाने पैसे देते, तिच्या ब्रँडशिवाय दुकानाचं चालत नाही, आणि तिचा माणूस वाटाघाटीला बसतो तेव्हा समोरचा चहा मागवतो. मेक्सिकोतल्या साबण आणि डिटर्जंट उद्योगाचा अभ्यास बिआता याव्हॉर्चिक आणि सहकाऱ्यांनी केला, त्यात हेच चित्र निघालं. ज्यांचा माल नावाजलेला होता त्यांनी वॉलमार्टच्या दबावाखाली नवी उत्पादनं काढली, खर्च कापला आणि वाढले. जे जेमतेम चालले होते ते आणखी आक्रसले. मोठं दुकान उद्योगाला कार्यक्षम बनवतं, हे खरं. पण कार्यक्षमतेच्या या परीक्षेत ‘किती दिवस बिनपैशाने तग धरता’ हाही एक पेपर असतो, आणि त्याचा साबणाच्या गुणवत्तेशी काही संबंध नाही.

मेक्सिकोच्या स्पर्धा आयोगाला हे पटायला बराच वेळ लागला. डिसेंबर 2024 मध्ये आयोगाने पुरवठादारांवर अयोग्य अटी लादल्याबद्दल वॉलमार्टच्या मेक्सिकन कंपनीला 9 कोटी पेसोंच्या वर दंड केला. कंपनीला तो मान्य नव्हता. कंपनीच्या आकाराच्या मानाने दंड किरकोळच. पण पुरवठादाराशी झालेला करारही स्पर्धेच्या कायद्यात तपासला जाऊ शकतो, एवढं त्याने ठरलं.

साखळीच बुडते तेव्हा

किराणावाला बुडाला तर त्याच्या वहीतली उधारी बहुतेक वेळा गिऱ्हाइकांना माफच होते. साखळी बुडाली तर उलटं होतं. केनियातल्या नाकुमाटची गोष्ट त्यासाठी माहीत हवी. नाकुरू गावात गाद्या विकणाऱ्या कुटुंबाने सुरू केलेलं हे दुकान, नावही त्यावरूनच पडलं. पुढे ते पूर्व आफ्रिकेतली सगळ्यात झगमगीत साखळी झालं: केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा मिळून साठाच्या वर दुकानं. विस्ताराला लागणारा पैसा कर्जातून आणि पुरवठादारांच्या थकबाकीतून येत होता. 2017 मध्ये फळ्या रिकाम्या दिसायला लागल्या, कारण पैसे मिळाल्याशिवाय माल द्यायला कुणी तयार होईना. 2018 च्या जानेवारीत कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि 2020 च्या जानेवारीत धनकोंनी ती गुंडाळायचा निर्णय घेतला. देणी तीस अब्ज शिलिंगांच्या वर. रांगेत आधी बँका, तारण घेतलेल्या. दही, भाजी, पाव पुरवणारे शेवटी.

लक्षात घ्या, नाकुमाट परदेशी नव्हती. आपल्याकडची चर्चा ‘परदेशी विरुद्ध देशी’ याच रुळावरून धावते, म्हणून हे उदाहरण मुद्दाम घेतलं. पुरवठादाराच्या पैशावर पसरायची सवय राष्ट्रीयत्व बघत नाही.

केनियाने यातून धडा घेऊन स्पर्धा कायद्यात ‘खरेदीदाराच्या ताकदीचा गैरवापर’ असं कलम घट्ट केलं: उशिरा पैसे देणं, एकतर्फी माल बंद करणं, पुरवठादाराकडून जबरीने सवलत उकळणं. याच कायद्याखाली तिथे कारफूर चालवणाऱ्या कंपनीला डिसेंबर 2023 मध्ये 1.1 अब्ज शिलिंगांचा दंड झाला. तक्रारदारांत मध पुरवणारी एक छोटी कंपनी होती.

शेतकऱ्याचं काय

‘मधले दलाल जातील, शेतकऱ्याला भाव मिळेल’ हे वाक्य या विषयात फार वापरून गुळगुळीत झालंय. निकाराग्वामध्ये होप मिशेलसन यांनी भाजी पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांची काही वर्षांची माहिती तपासली. सुपरमार्केटला माल देणाऱ्या घरांची शेतीतली साधनसंपत्ती 16 टक्क्यांनी वाढलेली दिसली. चांगली गोष्ट. पण माल कुणाचा घेतला गेला? ज्याच्या शेतापर्यंत रस्ता होता आणि बारमाही पाणी होतं त्याचा. आपल्या भाषेत बागायतदाराचा. कोरडवाहूवाला त्या यादीत नव्हताच.

मिशेलसन आणि सहकाऱ्यांच्या निकाराग्वातल्याच दुसऱ्या एका अभ्यासातली गोष्ट मला जास्त रंजक वाटते. वॉलमार्टने दिलेला सरासरी भाव बाजारापेक्षा कमी होता, पण तो फारसा वरखाली होत नव्हता. शेतकऱ्यांनी तरीही तो पत्करला. टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ ज्याच्यावर आली आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. स्थिर भावासाठी तो थोडा विमा हप्ता मोजत होता. संशोधकांच्या मते तो हप्ता जरा जास्तच होता.

महाराष्ट्रात साखळ्यांची खरेदी केंद्रं भाजीपट्ट्यात आली, पण बऱ्याच ठिकाणी लेखी करार नसतो. उद्या किती माल हवा ते आज कळतं. रंग-आकाराने निवडलेला माल केंद्रावर, उरलेला बाजार समितीत. म्हणजे जोखमीचा माल शेतकऱ्याकडे आणि अडत्याकडेच राहिला. अडत्याला शिव्या घालायला सगळे तयार असतात, आणि त्यात तथ्यही आहे. पण लग्नाला, दवाखान्याला, बियाण्याला उचल तोच देतो. त्याच्या उचलीने शेतकरी बांधला जातो हे खरं, आणि साखळी उचल देत नाही हेही खरं.

पगारातली उधारी

मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 2008 मध्ये एक लहानसा खटला आला. वॉलमार्टचा एक कर्मचारी म्हणत होता की पगाराचा काही भाग कुपनांत मिळतो आणि ती कुपनं फक्त याच कंपनीच्या दुकानात चालतात. न्यायालयाने हे घटनाविरोधी ठरवलं. बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढं काय त्यात? पण मेक्सिकन माणसाला लगेच ‘तियेंदा दे राया’ आठवतात. 1910 च्या क्रांतीआधी जमीनदारांच्या हवेलीत दुकान असायचं, मजुराला मजुरी तिथल्याच मालात मिळायची, आणि उधारी बापाकडून मुलाकडे जायची. क्रांतीनंतरच्या 1917 च्या घटनेने ही पद्धत बंद केली. शंभर वर्षांपूर्वीची ती जखम न्यायाधीशांच्या लक्षात होती.

कॅशियरपलीकडे पिशव्या भरून देणारे किशोर मेक्सिकोतल्या सुपरमार्केटांत बरीच वर्षं दिसायचे, पुढे म्हातारी माणसंही दिसू लागली. गणवेश दुकानाचा, शिस्त दुकानाची, पगार शून्य. गिऱ्हाईक देईल ती चिल्लर हीच कमाई. स्वस्ताईच्या हिशोबात हे कुठे धरायचं, मला अजून उमगलेलं नाही.

परवान्यांबद्दलही एक गोष्ट इथेच: तेओतिवाकानच्या प्राचीन पिरॅमिडांपासून जवळच 2004 मध्ये बोदेगा आउरेरा उघडलं, लोकांनी आंदोलनं केली. 2012 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की जमिनीच्या वापराचा नकाशा बदलून घ्यायला लाच दिली गेली होती. 2019 मध्ये वॉलमार्टने मेक्सिको, ब्राझील, चीन आणि भारत या देशांतल्या कारभारावरून अमेरिकी सरकारशी 28 कोटी 20 लाख डॉलरांहून जास्त रकमेचा समझोता केला. यादीत भारतही आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही.

उधारी परत येते, व्याजासकट

मोठी दुकानं गिऱ्हाइकाला कायम रोखच मागत राहतात असंही नाही. एकदा पाय रोवले की ती स्वतःच सावकारीत उतरतात. मेक्सिकोत टीव्ही-फ्रिज हप्त्यावर विकणाऱ्या एलेक्ट्रा दुकानांच्या मालकांनी 2002 मध्ये दुकानांतच बँक उघडली, बांको आस्तेका. हप्ते आठवड्याला. चिलीमध्ये तर मोठ्या दुकानाचं कार्ड हेच लाखो लोकांचं पहिलं कर्ज असतं. तिथल्या ला पोलार या साखळीने थकलेल्या गिऱ्हाइकांची कर्जं त्यांना न विचारताच पुन्हा मांडली, व्याजावर व्याज चढवत. 2011 मध्ये हे बाहेर आलं तेव्हा चार लाखांहून जास्त लोक त्यात अडकलेले निघाले. नाक्यावरच्या वहीत असं करता येत नाही, कारण गिऱ्हाईक समोर उभं राहून पान उलटायला सांगतं.

आपल्याकडे

2012 च्या सप्टेंबरात केंद्राने अनेक ब्रँड विकणाऱ्या दुकानांत 51 टक्के परदेशी गुंतवणुकीला परवानगी दिली. अटी बऱ्याच होत्या: किमान 10 कोटी डॉलर, त्यातले निम्मे गोदामं-शीतगृहांसारख्या कामात, 30 टक्के खरेदी लहान उद्योगांकडून, आणि राज्याची संमती. महाराष्ट्राने संमती दिली होती. इतक्या गदारोळानंतर आलं कोण? या वाटेने टाटांच्या ट्रेंटसोबत टेस्को ही ब्रिटिश साखळी. कारफूर 2014 मध्ये परत गेली. वॉलमार्टने 2009 मध्ये अमृतसरला घाऊक दुकान उघडलं होतं, ती घाऊकमध्येच राहिली आणि 2018 मध्ये 16 अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टच्या दाराने आत आली.

मोठी दुकानं देशीच वाढली, आणि त्यातल्या दोन मुंबईकर नावांकडे वहीच्या नजरेने बघण्यासारखं आहे. डीमार्टचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईला निघालं, आज चारशेच्या वर आहेत. या कंपनीचं वैशिष्ट्य असं की ती पुरवठादाराचे पैसे आठवड्या-दहा दिवसांत चुकते करते आणि त्या बदल्यात भाव पाडून घेते. जागाही बहुधा स्वतःच्या मालकीची. दुसरीकडे बिग बझार: 2001 मध्ये सुरू झालं, झपाट्याने पसरलं, कर्जात बुडालं, 2022 मध्ये दुकानं रिलायन्सने ताब्यात घेतली आणि मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. माल दोन्हीकडे साधारण सारखाच होता. उधारीचं धोरण वेगळं होतं.

किराणावाल्यांचं म्हणाल तर इक्रियर या आर्थिक संशोधन संस्थेच्या 2008 च्या पाहणीत मोठ्या दुकानाच्या आसपासच्या छोट्या दुकानांची विक्री आणि नफा सुरुवातीला घटले, पण काळ जाईल तसा परिणाम ओसरला. मोठ्या दुकानांच्या स्पर्धेपायी बंद पडण्याचं प्रमाण वर्षाला 1.7 टक्के निघालं. हे आकडे ॲपवरून दहा मिनिटांत दूध पोहोचवणाऱ्या कंपन्या येण्याच्या कितीतरी आधीचे आहेत, त्यामुळे आजचं दुखणं या आकड्यांनी मापू नये. खरी तक्रार आता भावाच्या दुहेरीपणाची आहे. 2022 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटचा काही माल विकायचं थांबवलं, कारण कंपन्या ऑनलाइन घाऊक मंचांना देतात तो भाव आम्हाला देत नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. नाक्यावरच्या दुकानदाराला वितरकाकडून जो माल ज्या भावात मिळतो, तोच त्याच्या मोबाइलवर त्याहून स्वस्त दिसतो. पण वितरक त्याला पंधरा दिवसांची उधारी देतो, मोबाइलवर पैसे आधी भरावे लागतात.

पुरवठादाराच्या बाजूने आपल्याकडे कायदा आहे, आणि कागदावर तो बराच कडक आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. इतकी वर्षं हे व्याज मागायची हिंमत फारशी कुणी केली नाही, कारण मागितलं की पुढची ऑर्डर गेली. म्हणून 2024 पासून आयकराची गाठ मारली गेली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही. आता तक्रार पुरवठादाराने करायला नको, खरेदीदाराचा सीएच त्याला आठवण करून देतो.

फट अजून आहे. ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी केलेल्या व्यापाऱ्यालाही या संरक्षणाचा लाभ नाही, फक्त माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. त्यामुळे पापड-लोणची करून साखळीला देणाऱ्या बचत गटाने नोंदणी करताना ‘उत्पादन’ हाच प्रकार निवडावा, बिलावर उद्यम क्रमांक छापावा, आणि माल उतरवल्याची सही-शिक्क्याची पोच त्याच दिवशी घ्यावी. 45 दिवसांची मोजणी त्या पोचेपासून सुरू होते.